प्लम्बची जुनी स्काउट कुऱ्हाड: उन्हाळा-हिवाळा वापरल्यानंतर

"वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही," असं, ऑनलाइन घेतलेल्या कुऱ्हाडीची धार वळल्याच्या माझ्या तक्रारीवर विक्रेत्याचं शेवटचं उत्तर आलं, म्हणून आता सविस्तर लिहितो.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. तंबू घेऊन बाहेर पडायचं तर सरपण घरून नेणं बरोबर नाही. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास ॲशची झाडं पोखरणारा हिरवा भुंगा सापडला, तेव्हापासून जळाऊ लाकूड इकडचं तिकडे हलवू नका असं सगळीकडे बजावतात. त्यामुळे मोळी पार्कजवळच विकत घ्यायची, आणि तिच्यातली लाकडं बहुतेक वेळा इतकी जाड की नुसत्या काडीने पेटत नाहीत. बारीक ढलप्या काढायला हातकुऱ्हाड लागतेच.

फिलाडेल्फियाच्या प्लम्ब कंपनीची सव्वा पौंडी स्काउट कुऱ्हाड म्हणजे स्काउट मुलांसाठी बनवलेली, एका हाताने चालवायची छोटी कुऱ्हाड. मी दोन घेतल्या. एक ऑनलाइन, "नव्यासारखी करून दिलेली", आरशासारखं पातं, नवा दांडा, ७० डॉलर. दुसरी एका गॅरेज सेलमधली, गंजून तांबडी झालेली, दांडा तडकलेला, ८ डॉलर.

चकचकीत कुऱ्हाडीची धार ओकच्या पहिल्याच गाठीवर वळली. तुटली नाही, वळली. धारेचा कपचा उडाला तर पोलाद जास्तच कडक आहे असं समजावं. धार दुमडली तर तिचं पाणी, म्हणजे पोलाद तापवून-निववून आणलेला कडकपणा, उतरलंय. ग्राइंडरच्या चाकावर धरलं की पातळ धार क्षणात तापते. साधारण ३०० अंश सेल्सियसला पोलाद निळं पडतं, आणि तेवढं तापलं की कारखान्यात दिलेलं पाणी त्या जागी गेलंच. वरून पॉलिश मारलं की निळा डागही पुसला जातो आणि घेणाऱ्याला फोटोत काही कळायला मार्ग राहत नाही. मला संताप येतो तो याचा. पन्नास-साठ वर्षं कुणाच्या तरी फडताळात नीट टिकलेलं पोलाद, केवळ फोटोत चमकावं म्हणून पाच मिनिटांत नासवायचं!

म्हणून जुनी कुऱ्हाड घ्यायला जाताना खिशात छोटी कानस ठेवा आणि मालकाला विचारून दोन ठिकाणी हलकेच घासून बघा. मागच्या माथ्यावर ती सहज चावेल, तिथलं लोखंड मऊच असतं. धारेवर मात्र जेमतेम चावली पाहिजे. दोन्हीकडे सारखीच चावली तर पैसे खिशातच राहू द्या.

गंजकी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली, सकाळी तारेच्या ब्रशने घासली. स्काउटचं चिन्ह स्वच्छ उमटलं, आणि धारेमागे बोटभर रुंदीचा पट्टा वेगळ्या छटेत दिसला. पाणी दिलेला भाग तो हाच. आनंदाने बायकोला हाक मारून दाखवला. कानशीने, मग दगडावर धार लावली. उन्हाळाभर तिने ॲशच्या मोळ्या फोडल्या, आणि मधूनमधून दगडावर चार हात फिरवण्यापलीकडे काही लागलं नाही.

सप्टेंबरपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत होतो, डोळे मिटून गंजकी घ्या. आता तसं सांगणार नाही. कारण दांडा. दुकानातल्या हिकरीच्या (चिवट अमेरिकी लाकडाच्या) दांड्यांचा ढीग उपसला तेव्हा एक धड मिळाला. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने सरळ जायला हव्यात, बहुतेकांत त्या आडव्या जातात आणि तिथेच दांडा फाटतो. दांडा, पाचर आणि जवसाचं तेल धरून ८ डॉलरचे ३५ झाले. तरी स्वस्तच, पण घेताना हा खर्च धरा.

दुसरं म्हणजे, चकचकीत कुऱ्हाडीची धार मी हळूहळू कानशीने तीनेक मिलिमीटर मागे घेतली आणि आत कडक पोलाद लागलं. आंच फक्त टोकापर्यंत पोचली होती. म्हणजे ती टाकाऊ नाही, पण ७० डॉलर मोजल्यावर हे काम मी का करायचं?

संग्रहाचं म्हणाल तर इथल्याच, मिशिगनमधल्या ग्लॅडस्टन गावच्या मार्बल्स कंपनीची, धार झाकणारं घडीचं झाकण असलेली, १८९८ चं पेटंट असलेली छोटी कुऱ्हाड मला फार आवडते. पण तिच्या भावात ती कपाटातच ठेवावी लागेल. ज्या कुऱ्हाडीने लाकूड फोडायचं नाही ती मी घेत नाही.

जानेवारीत घरातल्या हीटरने हवा कोरडी झाली, हिकरी आकसली आणि गंजकीचं पातं दांड्यावर हलायला लागलं. अशा वेळी बादलीत बुडवून ठेवा असं बरेच जण सुचवतात. ते करू नका. लाकूड फुगतं, घट्ट लोखंडात दबून चेपतं आणि वाळल्यावर आधीपेक्षा सैल होतं. मी एक लोखंडी पाचर तिरकी ठोकली, दांड्याच्या उघड्या टोकाला जवसाचं तेल पुन्हा पुन्हा मुरवलं आणि कुऱ्हाड हीटरपासून लांब, गॅरेजमध्ये टांगली. आता हलत नाही. तेलाची फडकी मात्र बाहेर मोकळी पसरून वाळवा, चुरगाळून डब्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात.