स्ट्रोकचा क्लेम मिळाला, पण पहिल्यांदा रिजेक्ट झाला होता (क्रिटिकल इलनेस पॉलिसी, ३ स्टार)

ह्यांची १० लाखांची क्रिटिकल इलनेस पॉलिसी होती, सहा वर्षं हप्ते न चुकता भरले. गेल्या वर्षी ह्यांना स्ट्रोक आला, उजवा हात पाय गेला आणि बोलणं अडखळायला लागलं. हॉस्पिटलचं बिल मेडिक्लेमने दिलं, ही पॉलिसी वेगळी, हिच्यात यादीतला मोठा आजार झाला की एकरकमी पैसे मिळतात. पॉलिसी देताना एजंट म्हणाला होता की पॅरालिसिस कव्हर आहे, रिपोर्ट आला की पैसे. तसं अजिबात नाहीये!

एजंटनेच फॉर्म भरला आणि त्यात आजार म्हणून पॅरालिसिस लिहिलं, आम्हाला वाटलं एकच ते. महिन्याभरात क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं. मग माझ्या भाच्याने पॉलिसीचं पुस्तक बसून वाचलं तेव्हा कळलं की पॅरालिसिस आणि स्ट्रोक हे दोन वेगळे आजार धरलेत. पॅरालिसिसमध्ये दोन किंवा जास्त हातपाय पूर्ण आणि कायमचे निकामी व्हावे लागतात, ह्यांची तर बोटं थोडी हलत होती. स्ट्रोकमध्ये पूर्ण निकामी व्हायची अट नाही, पण सीटी किंवा एमआरआयमध्ये दिसायला हवं, स्पेशालिस्टने लिहून द्यायला हवं आणि मेंदूमुळे आलेला दोष कमीत कमी ३ महिने टिकलेला दाखवावा लागतो. ही व्याख्या आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेली आहे, त्यामुळे कंपनी बदलली तरी साधारण हेच.

३ महिने झाल्यावर न्यूरोलॉजिस्टकडून नवीन सर्टिफिकेट घेतलं, त्यात हाताची ताकद ५ पैकी ३ आणि बोलण्यातला दोष स्पष्ट लिहून घेतला, आणि स्ट्रोक म्हणून परत पाठवलं. बीपीची गोळी चालू आहे हे पॉलिसी घेतानाच लिहिलेलं होतं म्हणून जुन्या कागदांवरून काही अडलं नाही. पैसे पूर्ण आले. फिजिओथेरपी, घरी ठेवलेला माणूस, ह्यांचा बंद झालेला पगार, सगळं त्यातच निभावलं, खोटं कशाला बोलू. मात्र क्लेम दिल्यावर ती पॉलिसी संपली.

माझ्या नणंदेला मिनी स्ट्रोक आला होता, तोंड वाकडं झालं आणि तासाभरात सरळ, त्याला टीआयए म्हणतात, तो ह्यात धरतच नाहीत. आणि स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळून माणूस पूर्ण बरा झाला तरी क्लेम बसत नाही. म्हणून कोणी एक मिनिटही थांबू नका हो, आधी हॉस्पिटल गाठा, माणूस चालता बोलता घरी आला तर १० लाख गेले तरी चालतील.

दोन स्टार कापले ते पहिल्या पत्रासाठी. स्ट्रोकखाली अर्ज करा, एवढी एक ओळ कंपनीने त्यात लिहिली असती तर आमचे ते दिवस इतक्या काळजीत गेले नसते.