उक्तं द्यावं की महिन्याने? सॉफ्टवेअरच्या दोन कोटेशनांची तुलना

कळमन्याच्या फळबाजारात आडत असलेल्या माझ्या एका परिचितांपुढे दोन कोटेशनं आहेत. पहिलं उक्तं: आवक, लिलाव, शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशोब), उधारी आणि मोबाइल ॲप, सगळं ६.५ लाखांत, ४ महिन्यांत. दुसरं महिन्याने: दोन प्रोग्रामर, दरमहा १.७५ लाख, मुदत "चार ते सहा महिने". म्हणजे ७ ते १०.५ लाख. नागपुरात मी सॉफ्टवेअर बनवण्याचंच काम करतो, म्हणून त्यांनी मला विचारलं. तुमच्यापुढेही असाच प्रश्न असेल तर माझं मत असं आहे.

उक्त्याचा आकडा ठरलेला, म्हणून झोप लागते. पण करणाऱ्याने त्यात आपली भीतीही मोजलेली असते. नसेल मोजली, तर ती पुढे "हे ठरलं नव्हतं" म्हणून वेगळ्या बिलात येते. महिन्याने दिलं तर बदल सहज होतात, पण मीटर चालूच राहतो. दर पंधरा दिवसांनी चालतं काम बघायला तुमच्याकडे वेळ नसेल, तर या वाटेला जाऊ नका.

खरी अडचण मात्र दोन्हीकडे एकच आहे. सॉफ्टवेअरच्या खर्चाचे अंदाज अभ्यासणारे अमेरिकन अभियंते बॅरी बोहम यांनी १९८१ मध्ये मांडलं होतं, की अगदी सुरुवातीचा अंदाज प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव असू शकतो, आणि काय बनवायचं हे उलगडत जातं तसतशी ही तफावत कमी होते. संत्र्याच्या व्यापाऱ्याला हे नवं नाही. झाडावर फूल असताना बगीच्याचा केलेला सौदा आणि फळं मोजून केलेला सौदा यांत किती फरक पडतो, ते तो जाणतो. ही दोन्ही कोटेशनं फुलावर केलेली आहेत.

मीही ही चूक केली आहे. एका आडतीचं काम लिलाव न पाहताच ३ महिन्यांत उक्तं घेतलं. डागी मालाची कटती (वजावट) प्रत्येक खरेदीदारामागे वेगळी धरतात, हे काम सुरू झाल्यावर कळलं. ७ महिने लागले. माझे पैसे गेले, त्यांचा हंगाम गेला. त्यांच्या हंगामाचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून दोघांकडूनही एक तारीख घेऊ नका, तीन मागा: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि सगळं अडलं तर. समजा १०, १६ आणि ३४ आठवडे सांगितले. अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी १९५८ च्या सुमारास निघालेल्या, वेळेचा अंदाज बांधण्याच्या पर्ट पद्धतीत मधल्या आकड्याला चौपट वजन देतात: १० अधिक ६४ अधिक ३४, भागिले ६. उत्तर १८. जूनमध्ये सुरू केलं तर ऑक्टोबर उजाडतो, ऐन संत्र्याच्या अंबिया बहाराच्या आवकेत. तेव्हा नवीन सॉफ्टवेअर काट्यावर लावणं मला पटत नाही. उशीर दिसल्यावर माणसं वाढवूनही भागत नाही; नव्याला समजावण्यात जुन्याचे दिवस जातात.

माझा सल्ला: आज कोणालाच पूर्ण काम देऊ नका. तीन आठवड्यांचे वेगळे पैसे देऊन एकाला आडतीवर बसवा, लिलाव बघू द्या, जुन्या पट्ट्या चाळू द्या. त्यातून निघालेली लेखी यादी तुमच्या मालकीची. ती दुसऱ्यालाही दाखवता येते. मग पट्टी आणि उधारी उक्तं द्या, कारण त्यांचे नियम तोवर कागदावर आलेले असतील. शेतकऱ्यांसाठीचं ॲप महिन्याने, हंगाम उलटल्यावर. ते कसं हवं हे अजून कोणालाच ठाऊक नाही.

आणि कोटेशनमध्ये १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा. ताज्या फळांवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त संत्र्याचा व्यापार असेल तर सॉफ्टवेअरवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (वजावट) मिळत नाही. वरून लागणार असेल तर ६.५ लाखांचे ७.६७ लाख होतात.