एएम की एफएम?

वीज कडाडली की एएम रेडिओ खरखरतो, एफएम मात्र बहुतेक वेळा शांत राहतो. एएममध्ये आवाज रेडिओ लहरीच्या उंचीत भरलेला असतो आणि विजेचा गोंधळ नेमकी उंचीच बिघडवतो. अमेरिकी अभियंता एडविन आर्मस्ट्राँगने १९३३ मध्ये पेटंट मिळवलेल्या एफएममध्ये उंची स्थिर, बदलते ती वारंवारता, म्हणजे लहरीची सेकंदाला होणारी कंपनं. उंचीतली खरखर रिसीव्हर सरळ छाटून टाकतो. वारंवारतेच्या पट्ट्यात जागा मात्र जास्त लागते: एएम केंद्राचं ९-१० किलोहर्ट्झमध्ये भागतं, एफएमला साधारण २०० हवेत.

संगीतासाठी मी डोळे मिटून एफएम घेईन. पण पल्ला? एफएम क्षितिजापाशी दमतो. मध्यम लहरींवरचा एएम रात्री आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून शेकडो किलोमीटर जातो, आणि स्फटिकाचा साधा रिसीव्हर तर तो बॅटरीशिवायही ऐकवतो!