गौरी-गणपतीला ‘अस्सल अंबरी’ मागवताय? आधी स्टिकर सोलून बघा

‘काश्मीरमधल्या शोपियानच्या बागेतली अस्सल अंबरी सफरचंदं, पाच किलोची पेटी अडीच हजार, गणपतीच्या आत घरपोच.’ हा मेसेज नाशिकच्या इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर यंदाही फिरतोय. गेल्या वर्षी मी आणि शेजारच्या काकूंनी एकेक पेटी घेतली. पैसे आधी, यूपीआयवर.

अंबरी हे खोटं नाव नाही, म्हणूनच तर हा धंदा चालतो. काश्मीरचं हे जुनं, मूळचं सफरचंद. किंचित लांबट, पिवळसर सालीवर लाल पट्टे, गर पांढरा, कुरकुरीत आणि गोड. वास असा की खोलीत ठेवलं तरी कळावं. शीतगृहाशिवाय घरात महिनोन् महिने टिकतं. पण झाड फळाला यायला फार वर्षं घेतं, त्यामुळे डेलिशियस ही परदेशी जात आल्यावर बागायतदारांनी हे जुनं वाण मागे टाकलं. आता माल थोडाच निघतो. इकडे कोणी चाखलेलंच नसतं, मग ओळखणार कोण? (‘लाल अंबरी’ नावाचंही एक सफरचंद आहे. ते रेड डेलिशियस आणि अंबरी यांचा संकर, मूळ अंबरी नव्हे.)

आमच्या पेटीतली फळं देखणी होती, पट्टेही होते. वास मात्र बेताचा. काकूंनी धुवायला घेतल्यावर ‘काश्मिरी अंबरी’चं मोठं सोनेरी स्टिकर सुटलं आणि खाली दुसरं, छोटं, अर्धवट फाटलेलं निघालं. त्यावर आकडा 4174. जवळजवळ प्रत्येक फळावर हेच. काहींवर नुसता चिकट गोल डाग. भद्रकालीतल्या आमच्या नेहमीच्या फळवाल्या मामांना दाखवलं. त्यांनी हातातही घेतलं नाही. “ताई, हा रॉयल गाला. मोठ्या फळाला हाच नंबर असतो. बाहेरून येतो, चिली, न्यूझीलंड. माझ्याकडे दोनशे वीसने आहे.”

तिकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी होते, म्हणून ऑगस्टात हा माल आपल्याकडे भरपूर असतो. अंबरी झाडावरून उतरते सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात. ऑगस्टात कोणी नाशिकची ताजी द्राक्षं विकायला आलं तर आपण त्याला दारात तरी उभं करू का? तेच इथे आहे. ‘आगाप (लवकर येणारी) अंबरी है दीदी’ असं विकणारा फोनवर ठासून सांगतो. गणपतीच्या आधी ताजी अंबरी देतो म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

पैसे माल बघून द्या. पेटी फोडताना व्हिडिओ काढा, सोललेली स्टिकरं फेकू नका. आम्ही सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, 1930 वर, आणि ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार केली. विकणाऱ्याला मेसेज करून तसं कळवल्यावर काकूंचे पैसे दुसऱ्या दिवशी परत आले, माझे अजून नाहीत. यंदाच्या मेसेजमध्ये नंबर वेगळा आहे, पेटीचा फोटो मात्र तोच.