बुलेटचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन: वरूडच्या मिस्त्रींचं काम

बाबांनी १९८४ साली घेतलेल्या ३५० बुलेटवर मी आजही संत्र्याच्या बगिच्यात जातो. तिचे पॉइंट म्हणजे उघडले की प्लगला स्पार्क देणारा छोटा स्विच, आणि कंडेन्सर म्हणजे त्या पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग. मागच्या मे महिन्यात कंडेन्सर तीनदा गेला आणि दर वेळी पॉइंटचं तोंड काळंठिक्कर पडलेलं. शेवटी पॉइंटच्या जागी बसणारं ३,२०० रुपयांचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन कीट मागवलं.

पहिल्यांदा ते जिल्ह्याच्या गावी एका दुकानात बसवलं. तिथे पॉइंटच्या जुन्या प्लेटच्या खुणेवर कीटची नवी प्लेट टेकवून दोन स्क्रू आवळले, वीस मिनिटांत गाडी हातात. सुरू झाली म्हणून मीही काही बोललो नाही. तिसऱ्या सकाळी किकने अशी बॅक मारली की घोटा सुजला, आठ दिवस बूट घालता आला नाही.

मग वरूडला बसस्टँडमागच्या मिस्त्रींकडे गेलो. आधी माझ्या पायाकडे बघितलं, मग गाडीकडे. "टायमिंग पुढं गेलं भाऊ. स्पार्क लवकर येऊन राह्यला."

त्यांनी डावीकडचं चेनकेस (इंजिनच्या चेनवरचं झाकण) उघडलं आणि क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतो त्या मुख्य दांड्यावर, अंशांची चकती लावली. पिस्टन वर पोचला की काही अंश जागीच थांबल्यासारखा वाटतो, त्यामुळे टीडीसी, म्हणजे पिस्टनची सगळ्यात वरची जागा, डोळ्याने धरली की चुकते. त्यांच्याकडे पोकळ केलेला एक जुना प्लग आहे, त्यात लांब बोल्ट बसवलेला. तो प्लगच्या जागी लावून इंजिन हाताने हळूच फिरवलं. पिस्टन एकदा पुढून टेकवला, एकदा उलटा फिरवून. दोन आकड्यांच्या बरोबर मधे खरी टीडीसी.

या गाडीला अ‍ॅडव्हान्सची वजनं (वेग वाढला की स्पार्क आधी आणणारी) मिटलेली असताना स्पार्क टीडीसीच्या ०.८ मिलिमीटर आधी हवा. तिथे क्रँक धरून ते प्लेट सरकवू लागले, नजर कीटच्या लाल दिव्यावर. दिवा विझला की स्पार्क. पॉइंटचा शाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो, म्हणून प्लेट एक अंश हलली तर क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. स्क्रू आवळताना प्लेट केसभर सरकत होती. त्यांनी तीनदा सोडली, तीनदा लावली, शेवटी चालू गाडीवर टायमिंग लाइट (दर स्पार्कला लखलखणारा दिवा) मारून बघितली. साडेतीन तास, मजुरी ९०० रुपये. मला ती कमीच वाटली.

एक गोष्ट मात्र गेली, तिची हळहळ आहे. पूर्वी चावी लावून किक हळू दाबली की अँपिअरची सुई खाली जायची आणि पॉइंट उघडताच मधे यायची. तिथे डिकम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक जरा पुढे न्यायची, मग मारायची. बाबांनी मला हेच शिकवलं होतं. हे कीट उभ्या इंजिनात कॉइलचा करंट तोडतं, त्यामुळे सुई हलत नाही. मिस्त्रींनी कॉम्प्रेशन पायाने ओळखायला लावलं, दहा वेळा, समोर उभं राहून.

चेनकेसचं गॅस्केट त्यांच्याकडे नसतं, सोबत न्या. गाडी ६ व्होल्टची असेल तर कीट १२ व्होल्टचं घेऊ नका. बॅटरीही धड हवी, चार्ज उतरला की कीट साथ देत नाही.

पोळ्याच्या आधी काम झालं, आता संत्र्याचा तोडा सुरू आहे. पहिल्या नाही तर दुसऱ्या किकला गाडी उठते. निघताना त्यांनी जुने पॉइंट आणि कंडेन्सर पुडीत बांधून दिले. "टूलबॉक्समधी ठेवा. कीट रस्त्यात गेलं तर हेच घरी आणतीन."