'एकदम सोप्पं' स्कूबाच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

बेटावर सुट्टीला जाताय आणि पहिल्यांदाच स्कूबा करायचा विचार आहे? मग हे वाचा. लांबलंय थोडं, पण पैसे वाचतील.

आम्हाला हे विकलं हॉटेलच्या दारात टेबल टाकून बसलेल्या एका माणसाने. काय तर म्हणे नवख्यांसाठी एकदम सोप्पं, पोहता येत नसलं तरी चालेल, १२ मीटर खोल नेणार, पाऊण तास पाण्याखाली, प्रत्येकाला वेगळा इन्स्ट्रक्टर, व्हिडिओ फ्री, आणि वर इंटरनॅशनल डायव्हिंग लायसन्स. यातलं सगळंच खोटं नसतं हो, म्हणून तर पटतं. नवख्यांसाठी ट्राय डाइव्ह खरंच असतो, पॅडी म्हणजे डायव्हिंग शिकवणारी आणि सर्टिफिकेट देणारी संस्था, तिथले लोक त्याला डिस्कव्हर स्कूबा म्हणतात, त्याची मर्यादा खरंच १२ मीटर आहे आणि त्याला पट्टीचं पोहता यायलाच हवं असंही नाही. खऱ्या गोष्टींच्या मधे खोट्या बेमालूम घुसवलेल्या.

बोटीवर गेलो तर टेबलवाला गायब, "तो फक्त बुकिंग घेतो." बोट सुटल्यावर हातात मेडिकल फॉर्म दिला आणि त्यातल्या सगळ्या प्रश्नांपुढे आधीच 'नाही'वर टिक! दमा, फिट्स, हार्ट, कानाचं ऑपरेशन, सगळं नाही, आपण फक्त खाली सही ठोकायची. बायकोला दमा आहे, तिने तसं सांगितलं तर म्हणे मॅडम राहू द्या ना, 'हो' केलं तर डॉक्टरचं पत्र लागतं, उगाच कशाला. अहो पत्र लागतं ते कशासाठी लागतं? ती पाण्यात उतरलीच नाही, आणि तिचे पैसे परत मागितले तर उत्तर काय, बोटीत चढलात म्हणजे सर्व्हिस घेतलीत.

ट्रेनिंग म्हणजे दोन खुणा, ओके आणि अंगठा वर. अंगठा वर म्हणजे 'मस्त' नाही तर 'वर चला', एवढं तरी सांगितलं हे नशीब. कान कसे मोकळे करायचे (नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, दुखायच्या आधीच), मास्कमधे पाणी शिरलं तर काय, तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) सुटला तर काय, यातलं अवाक्षर नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, श्वास रोखून धरायचा नाही, तेही नाही! १० मीटरवर प्रेशर पृष्ठभागाच्या दुप्पट होतं, तिथे भरून घेतलेली हवा वर येताना फुगून दुप्पट होते, श्वास रोखला असेल तर फुप्फुसाला इजा होते, आणि हे कमी खोल पाण्यातही होऊ शकतं. हे सगळं मला नंतर मावसभावाने सांगितलं, तो बरीच वर्षं डायव्हिंग करतो.

स्वतंत्र इन्स्ट्रक्टरचं तर विचारूच नका. एकच पोरगा, दोन हातात दोन पिशव्या धराव्यात तसे माझा आणि आणखी एका गिऱ्हाइकाचा असे दोन सिलेंडर धरून आम्हाला ओढत होता. त्याच्या मनगटावरच्या कॉम्प्युटरवर खोली दिसत होती, चारच्या पुढे आकडा गेलाच नाही. खाली वाळू, आणि ब्रेडच्या तुकड्यांवर तुटून पडणारे मासे. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील तर अंगठा वर. का तर हवा संपली! माझ्या गेजवर (सिलेंडरमधल्या हवेचं प्रेशर 'बार'मधे दाखवणारं मीटर) दीडशेच्या वर बार दिसत होते. भरलेला सिलेंडर साधारण २०० बारचा असतो आणि ५० शिल्लक ठेवून वर यायचं असतं, म्हणजे हवा भरपूर होती, घाई होती ती पुढच्या गिऱ्हाइकांची.

वर आल्यावर 'ऑक्सिजनचे' पैसे वेगळे मागितले. भाऊ हे ऐकून इतका हसला! त्या सिलेंडरमधे साधी हवाच दाबून भरलेली असते, २१ टक्के ऑक्सिजन आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सहा मीटरच्या खाली गेलात तर तोच विषासारखा बाधतो, तो नवख्याला देणार कोण?

फ्री व्हिडिओमधे कासव आहे, कोरल आहे, आणि पायात पिवळे फिन्स (पोहायचे पंखे) घातलेला कोणीतरी आहे. माझे फिन्स काळे होते. मास्क लावल्यावर सगळे सारखेच दिसतात, त्यांचा धंदा त्यावरच चालतो बहुतेक.

आणि ते लायसन्स म्हणजे रंगीत कागद, वर लोगो, नंबर कुठेच नाही. ट्राय डाइव्हने कोणीही सर्टिफाइड डायव्हर होत नाही. त्यासाठी ओपन वॉटर कोर्स असतो, थिअरी, पूल किंवा उथळ पाण्यात सराव, मग समुद्रात चार डाइव्ह, सहसा तीन-चार दिवस जातात, आणि मग १८ मीटरपर्यंत जाता येतं. कोणी अर्ध्या दिवसात लायसन्स देतो म्हणाला की तिथूनच मागे फिरा.

बुकिंगच्या वेळी इन्स्ट्रक्टर कोण ते नावानिशी विचारा आणि त्याचा नंबर संस्थेच्या साइटवर टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, तेही विचारा, समुद्रात नवखे चारपेक्षा जास्त नकोत. सिलेंडरमधली हवा हुंगून बघा, तेलाचा किंवा धुराचा वास आला तर उतरूच नका. आणि परतीचं विमान कधी आहे हे त्यांनी स्वतःहून विचारायला हवं, कारण एका डाइव्हनंतरही निदान १२ तास आणि जास्त डाइव्ह केले तर १८ तास उडू नये असं सांगतात. आम्हाला कोणी विचारलं नाही, मीच म्हटलं उद्या सकाळी फ्लाइट आहे, तर म्हणे काही होत नाही सर.

पैशांचं म्हणाल तर कार्डाने भरले होते म्हणून बँकेत तक्रार केली. त्यांनी पावती मागितली. पावतीवर नुसतं 'वॉटर अॅक्टिव्हिटी' लिहिलंय, स्कूबा शब्दच नाही, ना खोली, ना वेळ, ना व्हिडिओ. त्यामुळे बँकेच्या दृष्टीने आम्हाला अॅक्टिव्हिटी मिळाली, पाण्यातच मिळाली, आणि तक्रार बंद झाली.