टॅमरॉन २८-७५ जी टू: लग्नाच्या ऑर्डरला एकच लेन्स न्यायची असेल तर

लग्नाच्या फोटोग्राफीत नव्याने उतरलेली मुलं-मुली मला हमखास विचारतात, "ताई, पहिले साठलेले पैसे कशात घालू?" बहुतेकांनी मनात नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, पक्की केलेली असते. माझं उत्तर ठरलेलं आहे: बॉडी आहे ती राहू दे, टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ जी टू घे. ही २८ ते ७५ मिलिमीटरची झूम लेन्स: २८ला रुंद दृश्य, ७५ला जवळचं. एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो, आणि जी टू म्हणजे दुसरी आवृत्ती. सोनी ई-माउंट (सोनीच्या मिररलेस कॅमेऱ्यांची लेन्स-जोडणी) वापरणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी सांगली-मिरज भागात एकटीने ऑर्डरी घेते. व्हिडिओवाला पार्टीने वेगळा ठरवलेला असतो. माझ्या सोनी ए सेव्हन थ्री कॅमेऱ्यावर तुळशीच्या लग्नापासून थेट आषाढापर्यंत जास्तीत जास्त वेळ हीच लेन्स चढवलेली असते.

एकटीने काम करताना सगळी कसोटी अंतरपाटापाशी लागते. मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या खाली झुकलेल्या पापण्या हव्यात, तिच्या पाठीशी उभा मामा हवा, हातात कलश-दिवा घेतलेल्या करवल्या हव्यात. शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट बाजूला होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षतांचा मारा होतो आणि हार गळ्यात पडतात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. तेवढ्यात लेन्स बदलणं शक्य नसतं. पाय हलवणंही शक्य नसतं, कारण मागे-पुढे मोबाइल उंचावलेले नातेवाईक असतात आणि समोर होमाची मांडणी. ७५वर डोळे टिपायचे, मनगट जरा फिरवलं की २८वर अख्खा मांडव. ५० किंवा ८५ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावून इथे उभं राहणाऱ्याला दोनांतलं एक सोडावं लागतं, आणि घरच्यांना अल्बममध्ये दोन्ही हवं असतं.

फोकसबद्दल विशेष सांगायला हवं. अक्षता उडत असताना कॅमेऱ्याला तांदळाच्या दाण्यांच्या मागे धावायचा मोह होतो. मी आय-एएफ (डोळ्यावर आपोआप फोकस) चालू ठेवते आणि ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करते, म्हणजे मध्येच काही आडवं आलं तरी कॅमेरा लगेच त्याच्याकडे वळत नाही. अशा वेळी या लेन्सची फोकस फिरवणारी लिनिअर मोटर नवरीचा डोळा धरून ठेवते. आवाजही जवळजवळ नाहीच. गुरुजींच्या शेजारी गुडघ्यावर बसून छोटी व्हिडिओ क्लिप घेतली तरी कॅमेऱ्याच्या माइकमध्ये मोटरची घरघर येत नाही.

आता उजेड. आपल्या कार्यालयांत गोरज मुहूर्ताला काय अवस्था असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेरचा उजेड गेलेला, स्टेजवर जांभळे-गुलाबी एलईडी, आणि मुहूर्ताच्या क्षणी फ्लॅश डोळ्यांवर मारू नये असं मला मनापासून वाटतं. ए सेव्हन थ्रीबरोबर मिळणारी २८-७० किट लेन्स लांबच्या टोकाला एफ/५.६वर येते. ही लेन्स तिथेही एफ/२.८च राहते, म्हणजे प्रकाश चौपट. जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ६४०० लागला असता तिथे १६००त भागतं. शालूची जर आणि नवरीच्या गालाची हळद यांचा रंग १६००ला जसा येतो तसा ६४००ला येत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० सेकंदाच्या शटरवर राहिलात तर अशा दिव्यांत फोटोवर आडवे पट्टे येत नाहीत. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) नाही, ते काम बॉडीवर सोडलेलं आहे. १/१००ला ते पुरतं.

जवळच्या फोटोंत तर ही लेन्स मला फार आवडते. २८वर ती सेन्सरपासून १८ सेंटीमीटरवर फोकस करते. ऐकायला भारी वाटतं, पण लेन्सच पावणेबारा सेंटीमीटर लांब असल्यामुळे समोरची काच वस्तूपासून चार-पाच सेंटीमीटरवर येते. मग हुड काढावं लागतं आणि लेन्सची सावली मेंदीवर पडते. ७५वर किमान अंतर ३८ सेंटीमीटर आहे, तेच वापरा. हिरवा चुडा, त्यामागे मेंदीत लपवलेलं नवऱ्याचं नाव, मुंडावळ्यांचे मोती असं सगळं खिडकीच्या उजेडात सुरेख येतं आणि वेगळी मॅक्रो लेन्स बाळगावी लागत नाही. नवरीच्या खोलीत मला एक बाई म्हणून सहज प्रवेश मिळतो, पण ती खोली बहुधा दहा बायका, चार बॅगा आणि एक आरसा यांनी भरलेली असते. तिथे हातात एकच लेन्स असणं हे खरं सुख.

हळदीला समोरच्या काचेवर तेल-हळदीची बोटं उमटणारच. काचेवर फ्लोरिनचा थर असल्यामुळे मऊ कापडाने डाग सुटतात. जोडांना ओलाव्यापासून संरक्षण आहे, तरी कुणी बादलीभर पाणी ओतायला लागलं की मी दोन पावलं मागे होते. फिल्टर ६७ मिलिमीटरचा लागतो. टॅमरॉनच्या १७-२८ आणि ७०-१८० एफ/२.८ लाही तोच, म्हणजे पुढे संच वाढवलात तरी फिल्टर नव्याने घ्यायला नको.

उणं काय, तेही सांगते. सुरुवात २४ ऐवजी २८वर होते, आणि घरच्या देवघरात लक्ष्मीपूजनाला दोन्हीकडची माणसं एका फ्रेममध्ये बसवताना हा फरक जाणवतो. पाठ भिंतीला टेकली की मागे सरकायला जागाच नसते. तसल्या घरगुती कार्यक्रमाला मी रुंद लेन्स पिशवीत ठेवते. शिवाय ऑटो-मॅन्युअल फोकसचं बटण लेन्सवर नाही, ते बॉडीवरून करावं लागतं. सवयीने जमतं.

सोनीची २४-७० जीएम टू यापेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण तिला दुपटीहून जास्त पैसे लागतात आणि वजन ६९५ ग्रॅम. ही ५४० ग्रॅमची. ए सेव्हन थ्रीसकट एक किलो दोनशेच्या आत, वर फ्लॅश. सकाळच्या हळदीपासून रात्रीच्या वरातीपर्यंत गळ्यात बाळगायचं असेल तर दीडशे ग्रॅम मानेला कळतात. आणि पैशांचं म्हणाल तर आपल्या धंद्यात बयाणा आधी, थोडे लग्नाच्या दिवशी, आणि उरलेले अल्बम घरी पोहोचल्यावर, तेही दोन-चार फोन केल्यावर. चातुर्मासात मुहूर्त नसतात, बारशी आणि डोहाळजेवणं यांवर घर चालतं. त्या महिन्यांत मोठा हप्ता डोक्यावर असू नये असं माझं ठाम मत आहे. एका सीझनच्या बचतीत बसेल तेच घ्यावं, आणि ही बसते.

जुन्या बाजारातून घेणार असाल तर मॉडेल नंबर नीट वाचा. २०१८ची पहिली आवृत्ती ए०३६, २०२१ची जी टू ए०६३. आकड्यांची फक्त अदलाबदल आहे, त्यामुळे जाहिरातीत गफलत सहज होते. खात्री करायची तर लेन्सच्या अंगावर बघा: यूएसबी-सीचं छोटं पोर्ट आणि एक बटण फक्त नवीवर आहे. त्या पोर्टमधून कॉम्प्युटरला जोडून फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करता येतं आणि बटणाला हवं ते काम नेमून देता येतं. जुनी एफ/२.८च आहे, स्वस्तही पडते, बारसं-वाढदिवसाला तिने छान निभेल. लग्नाच्या ऑर्डरी घेणार असाल तर ए०६३च शोधा, आणि विकणाऱ्यासमोर बॉडीला लावून २८ आणि ७५ दोन्ही टोकांना एफ/२.८वर फोटो काढून, मोठे करून, चारही कोपरे बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.